टार्पीचा गोल

क्लबच्या इतिहासाचं पुस्तक लिहायला कोलमन हेशन तयार झाला, त्यात त्याचा फायदा बरोबर एका ओळीचा होता. गावाने त्याला समाजसेवा म्हटलं आणि त्यानेही म्हणू दिलं. पण कोलमन घरांचे, शेतांचे लिलाव करणारा माणूस. हातोडा उगाच उचलणाऱ्यातला नव्हे.

बॅलिगार्व्हचा क्लब हर्लिंगही खेळायचा, म्हणजे हर्ली नावाच्या लाकडी काठीने चेंडू मारायचा देशी खेळ, आणि हात-पाय दोन्ही चालणारा देशी फुटबॉलही. दोन्ही मिळून त्याने काउंटीचा चषक आणला होता एकदाच, १९३४ साली, हर्लिंगचा, तोही शेवटच्या क्षणी झालेल्या एका गोलवर. गोलपुढे सगळीकडे नाव होतं एम. टार्पीचं. कोलमनला तिथे फेस्टस हेशन असं लिहायचं होतं. फेस्टस म्हणजे त्याचे वडील, गावाचे फेस्टी.

त्याच वर्षी फेस्टी शहरात जाऊन सॉकरचा सामना बघून आले होते. खेळले नव्हते, नुसते बघून आले होते. त्या काळी क्लबच्या माणसाने इंग्रजांचा खेळ बघणंही गुन्हा होता, आणि चुगली करायला सख्खा चुलतभाऊ होता. क्लबने त्यांना वर्षभरासाठी बाहेर बसवलं. पन्नास वर्षं झाली, बंदीही कधीच उठली, तरी पबमध्ये कोणी गोलचा विषय काढला की दुसरा म्हणणारच, ‘‘फेस्टीला विचारा ना, त्यांनी भिंतीवर बसून छान पाहिलाय.’’ कोलमनने हे शाळेत ऐकलं, लग्नात ऐकलं, आईच्या दफनाच्या दिवशीही ऐकलं. आता वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि अंथरुणातून उठत नव्हते. ती ओळ छापायची तर याच वर्षी.

काम सोपं दिसत होतं. कारण एम. टार्पी नावाचा माणूस गावात जन्मलाच नव्हता. कमिटीने तो तयार केला होता. ज्याला स्वतःच्या नावाने खेळता यायचं नाही, म्हणजे पाद्री व्हायला गेलेला विद्यार्थी, दुसऱ्या काउंटीतला पोलीस, नाहीतर बंदी घातलेला, तो त्या रविवारापुरता टार्पी व्हायचा. असा एखादा टार्पी प्रत्येक क्लब बाळगून होता. फायनलला तो आपला बाप होता, हे कोलमनने मनाशी ठरवून टाकलं होतं. हवा होता एक साक्षीदार.

त्या टीमचा गोलकीपर मॅलकी फाही अजून धडधाकट होता. कोलमन गेला तेव्हा तो परसात बसून एका हर्लीच्या चपट्या टोकाला पत्र्याची पट्टी ठोकत होता.

‘‘मॅलकीकाका, फायनलला टार्पी कोण होतं?’’

‘‘टार्पी.’’

‘‘ते झालं. पण टार्पी म्हणून उतरलं कोण?’’

‘‘लिलावात ओरडून ओरडून कान गेले का रे तुझे? टार्पी म्हणतोय ना मी!’’

‘‘काका, टार्पी नावाचा माणूसच नव्हता.’’

‘‘ते मला सांगतोस? कमिटीत माझा थोरला भाऊ होता. नाव त्यानेच काढलं, आमच्याच स्वयंपाकघरात.’’ मॅलकीने हातोडी खाली ठेवली. ‘‘ऑक्टोबर होता. इतकी थंडी की धावणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. टार्पीच्या तोंडासमोर काही नव्हतं. गोल झाला तसे आम्ही सगळे मिठी मारायला धावलो त्याच्याकडे.’’

‘‘मग?’’

‘‘मग कोणी मारली नाही.’’

आणि मॅलकी पुन्हा पट्टी ठोकू लागला.

कोलमनने म्हाताऱ्याच्या वयाला बोल लावला आणि फादर लॅलींकडे गेला. फादर त्या वेळी पाद्री व्हायला सेमिनरीत शिकत होते आणि सेमीफायनलला टार्पी होऊन खेळले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. चहा ओतता ओतता त्यांनी कबूलही केलं.

‘‘मी एकदाच खेळलो. माझ्या मागून कोणीतरी ओरडलं, ‘टार्पी, घे!’ मी वळलो. चेंडू माझ्याकडे आलाच नाही. दुसऱ्या कोणीतरी घेतला आणि पुढे गेला. आमचाच शर्ट.’’

‘‘सोळावा माणूस? पंचाने मोजलं नाही?’’

‘‘मोजलं की. पंधरा भरले. मग मी मोजले.’’ फादरनी किटली टेबलावर ठेवली, पण मूठ सोडली नाही. ‘‘मला धरून पंधरा होत होते, कोलमन. आणि मला सोडूनही पंधराच. फायनलला मी येत नाही म्हणून कळवलं. म्हणून तर तुझ्या वडिलांना विचारलं त्यांनी.’’

कोलमनने एवढंच उचललं. वडिलांना विचारलं होतं! बाकीचं त्याने फादरच्या चहाबरोबर तिथेच सोडलं.

फेस्टींचं अंथरूण चुलीशेजारच्या खोलीत होतं. कोलमनची बहीण अट्रॅक्टा त्यांना उकडलेलं अंडं भरवत होती. लेकाने बातमी सांगितली तेव्हा म्हाताऱ्याने चमचा हाताने बाजूला केला.

‘‘शर्ट दिला होता मला. घातलाही. मैदानाच्या फाटकापाशी गेलो तर आत टीम उभी राहिलेली, पुरी. मग वरून कोट चढवला आणि भिंतीवर बसलो.’’

‘‘आणि गप्प राहिलात? पन्नास वर्षं?’’

‘‘टीम जिंकत होती रे.’’

‘‘बाबा, तो गोल कोणाचाच नाहीये. बेवारस पडलाय. तुमच्या नावावर लावला तर कोणाचं काय जातंय?’’

‘‘त्याचा आहे तो.’’ फेस्टी छताकडे बघत म्हणाले. ‘‘माझ्याकडे घर आहे, तुम्ही दोघं आहात, गावाला हाक मारायला नाव आहे, टिंगलीचं का होईना. त्याच्याकडे तेवढा एक गोल आहे. नको हात लावूस.’’

‘‘ऐक ना त्यांचं,’’ अट्रॅक्टा म्हणाली. ‘‘जन्मात पहिल्यांदा काही मागतायत तुझ्याकडे.’’

‘‘तू अंडं भरव,’’ कोलमन म्हणाला.

पुस्तक छापखान्यात गेलं. टार्पी सगळ्या पानांतून निघाला आणि प्रत्येक ठिकाणी फेस्टस हेशन बसला.

त्या वर्षीच्या काउंटी फायनलला, मध्यंतरात, पन्नास वर्षांपूर्वीच्या विजयी टीमला मैदानात बोलावलं. रीतच आहे तशी. भोंग्यावरून एकेक नाव पुकारतात, म्हातारा एक पाऊल पुढे येऊन हात हलवतो. जो वारला किंवा आजारी आहे, त्याच्या जागी मुलगा-मुलगी पुढे येते. कोलमन वडिलांसाठी रांगेत उभा होता, नवा सूट घालून. हवा गार होती. मॅलकीच्या तोंडातून वाफ निघत होती, कोलमनच्याही.

‘‘फेस्टस हेशन!’’

टाळ्या कोलमनने पाय उचलायच्या आधीच पडल्या. त्याने पाऊल टाकलं, हात वर केला. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं, पण एकही नजर त्याच्यावर नव्हती. सगळे त्याच्या जरा डावीकडे बघत होते.

डावीकडे मॅलकी उभा होता. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

सामना संपल्यावर लोक हात मिळवायला आले. त्यात तो पबवालाही होता ज्याने ‘भिंतीवर बसून’ हे शब्द सगळ्यात जास्त वापरले असतील.

‘‘काय रे लबाडा, बाबा अंथरुणाला खिळलेत म्हणत होतास! काठीसारखे ताठ उभे होते. आणि एवढ्या थंडीत नुसत्या शर्टावर!’’

कोलमन घरी आला तेव्हा अट्रॅक्टा दारातच उभी होती.

‘‘नर्स येऊन गेली. बाबांकडे बघून मला विचारते, भाडेकरू ठेवलात वाटतं? चार वर्षं येतेय ती बाई!’’

आत फेस्टी जागे होते.

‘‘दिलंस ना नाव त्याला?’’ त्यांनी विचारलं.

कोलमनने कोट काढून खुंटीला लावला. फेस्टींनी मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर फेस्टी हेशन गावात सगळीकडे दिसू लागले. चर्चमध्ये प्रार्थनेला शेवटच्या बाकावर, सरावाच्या वेळी गोलमागे, पबमध्ये खिडकीशी. कोलमन जिथे जाई, तिथून ते नुकतेच गेलेले असत. टिंगल थांबली. लोक ‘फेस्टीसाहेब’ म्हणू लागले. ‘कमी बोलतात, पण माणूस हिऱ्यासारखा’ असं कोलमनला भर रस्त्यात थांबवून सांगू लागले. चुलीशेजारच्या खोलीत मात्र कोणी येईना. डॉक्टर आले, त्यांनी नाव विचारलं, अट्रॅक्टाने सांगितलं, आणि डॉक्टरांनी कागदावरची जागा कोरी ठेवली.

नोव्हेंबरात एका दुपारी त्या खोलीतला म्हातारा गेला. कोलमन फादर लॅलींकडे गेला.

‘‘बाबा गेले, फादर.’’

फादरनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

‘‘कोलमन, सकाळी मी फेस्टी हेशनला प्रसाद दिला. याच हाताने.’’

‘‘तो कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे.’’

‘‘माहीत आहे. पण समोर बसलेल्या माणसाच्या नावाने मी त्याचाच अंत्यविधी कसा करू?’’

बॅलिगार्व्हमध्ये ज्याचं कोणाशी पटत नाही, त्याच्याही घरापुढे हात मिळवायला रस्त्यापर्यंत रांग लागते. क्लबचा माणूस असला तर चर्चच्या दारापासून दुतर्फा पोरं हर्ली धरून उभी राहतात आणि पेटीवर क्लबचा शर्ट अंथरतात. त्या दिवशी रांग नव्हती, हर्ली नव्हत्या. शर्ट मागितला तेव्हा सेक्रेटरी अदबीने म्हणाला की तो फक्त सभासदांसाठी असतो. फादरनी ‘हा आपला बंधू’ एवढ्यावर भागवलं. पेटी कोलमनने आणि दफनवाल्याच्या माणसांनी उचलली. मॅलकी काठी टेकत मागून आला. अट्रॅक्टा भावाशी बोलत नव्हती.

क्लबचं काही गेलं नाही. चषक होता तिथेच राहिला. कोलमनला त्याची ओळ मिळाली, ज्याच्याकडे नाव नव्हतं त्याला नाव मिळालं. भरलं सगळं त्या पेटीतल्या माणसाने, ज्याने काहीच मागितलं नव्हतं.

दफनभूमीच्या फाटकाशी किराणावाली नोनी गेरॅटी भेटली. तिने कोलमनचा दंड दाबला.

‘‘परक्या माणसाला खांदा दिलास, बरं केलंस हो. हल्ली कोण करतं एवढं? घरी बाबांना सांग, नोनीने विचारलंय म्हणून.’’

‘‘सांगतो,’’ कोलमन म्हणाला.