खाली यायची घाई

तो तिच्या आयुष्यात आला तो दारातून नाही. वरून आला, आणि थेट तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

वारा अचानक उलटा फिरला होता. शेजारच्या मैदानावर विमानातून उडी मारायला शिकणाऱ्यांना देतात ती हवाई छत्री म्हणजे तंबूच. वारा वाढला की पुढे जायचं सोडून मागे मागे सरकते. तशीच ती सरकत कुंपणावरून आली, आणि पायांत चादर, गळ्यात दोरी, डोक्यावर उशीचा अभ्रा अशा थाटात एक माणूस तिच्या परसात बसला.

ती बाहेर आली. काम सोडून आली होती, हातात कात्री होती.

"ती कात्री... माझ्यासाठी आहे का?" अभ्र्याखालून आवाज आला.

"दोरी कापू की तुम्हाला, ते ठरवतेय. दोरी चांगली आहे."

"मग मलाच कापा. घरी वाट बघणारं कोणी नाही."

हे तो हसत म्हणाला. असली वाक्यं हसत म्हणणारी माणसं तिला लांबून ओळखू येत. आरशात रोज एक भेटायचं.

मैदानावर तिला सगळे छत्रीवाली म्हणत. हवाई छत्र्या तपासणं, शिवणं, घडी घालून पिशवीत बसवणं हे तिचं काम. तिच्याआधी तिच्या वडिलांचं. लांबलचक खोली, मधोमध तितकंच लांब टेबल, खिडकीशी शिलाई मशीन आणि आढ्याला टांगलेल्या रंगीत छत्र्या. मैदानावरचा प्रत्येक जण तिच्या हातच्या घडीच्या भरवशावर विमानातून उडी मारायचा, उतरायचा, आणि आपापल्या माणसांत निघून जायचा. संध्याकाळी खोलीत ती आणि नायलॉनचा वास, एवढंच उरायचं.

पुढच्या रविवारी तो दारातून आला. हातात धुतलेली चादर.

"इस्त्री माझ्या हातची आहे, तिकडे बघू नका," तो म्हणाला. "स्वतःची छत्री घ्यायची म्हणतोय. तंबूत बसून लोकांच्या घरात शिरणं बरं दिसत नाही."

"वजन?"

"पहिल्याच भेटीत?"

"दुसऱ्या. पहिल्या भेटीत तुम्ही माझ्या अभ्र्यात होतात. वजन सांगा."

"बहात्तर."

बायका वय चोरतात ही उगाच उठवलेली आवई आहे. पुरुष वजन चोरतात ते तिने या खोलीत रोज पाहिलं होतं. तिने त्याला काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठ्याहत्तरवर जाऊन थांबला.

"खिशात नट पिळायचे पाने आहेत," तो घाईने म्हणाला.

"काढा."

त्याने खरंच दोन पाने काढून टेबलावर ठेवले. काटा सत्त्याहत्तरवर आला आणि तिथून काही केल्या हलेना.

"लिफ्ट दुरुस्त करतो मी," तो ओशाळून म्हणाला. "दिवसभर अंधाऱ्या भुयारात उभा. माणसं लिफ्टमध्ये शिरतात, आकड्यांकडे बघतात, उतरतात. शेजारी कोण होतं ते विचारा, सांगता येणार नाही. म्हणून रविवारी जरा आभाळ बघायला येतो."

आढ्याकडे बोट करून तिने तीन छत्र्या दाखवल्या. नावं वडिलांनी ठेवलेली. थोरली मोठी, चौकोनी, नऊ कप्प्यांची; कप्प्यांत हवा भरली की पसरट पंखासारखी आरामात तरंगत उतरणारी, माणसाची चूक पोटात घालणारी. मधली सात कप्प्यांची. उघडताना शहाणी, झटका देत नाही, पण तरंगायचा तिला कंटाळा. आणि धाकटी... लहान, टोकांना निमुळती, हात जरा हलला की गर्रकन वळणारी. सुसाट खाली येते आणि सगळं मैदान बघत राहतं. म्हणून ज्याला त्याला तीच हवी असते.

"यातली जास्त वेळ वर कोण ठेवते?" त्याने विचारलं.

हा प्रश्न आजवर तिला कोणी विचारला नव्हता.

"थोरली. का?"

"काही नाही. खाली यायची घाई नसते मला."

खरं तर हिशोब तिथेच मिटला होता. त्याचं वजन, त्याचा नवखेपणा, त्याचा तो प्रश्न, सगळी बेरीज थोरलीवर येत होती. तिने तसं सांगायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "घाईने ठरवू नका. एकेक उडी मारून बघा. दर रविवारी एक."

बोलून झाल्यावर तिने उगाचच मशीनला तेल घातलं. कालच घातलं होतं.

पुढच्या रविवारी थोरलीवर तो छान उतरत होता. शेवटच्या क्षणी त्याला खिडकीत ती दिसली. त्याने उजवा हात हलवला, आणि थोरली संथपणे उजवीकडे वळून त्याला पाठमोरा गवतात बसवून मोकळी झाली.

"हात कशाला हलवलात?"

"तुम्ही खिडकीत होतात..."

"वळायची दोरी हातात असते. उजवी ओढली की उजवीकडेच जाणार ना? थोरली होती म्हणून नुसतं बसवलं. धाकटीने आपटलं असतं."

"मग वरून ओळख दाखवायची कशी?"

"दाखवायची नाही."

"मान हलवली तर?"

"मान तुमची आहे. हलवा."

त्यानंतरच्या रविवारी पाऊस आला. विमान उडेना, सगळे परतले. तो मात्र आला, केसांतून पाणी निथळत. टेबलाच्या दोन बाजूंनी दोघं छत्रीतली हवा दाबून काढत राहिले. गार, निसरडं कापड... तिचा तळवा पुढे सरकला की त्याचा मागे, आणि मध्ये कुठेतरी दोघांचेही थबकले.

"वडील गेले तेव्हा," ती एकदम म्हणाली, "भेटायला येणारा प्रत्येक जण वर बघून म्हणायचा, पोरी, डोक्यावरचं छत्र हरपलं गं. आणि वर... एवढ्या सगळ्या छत्र्या टांगलेल्या. मला रडता रडता हसू फुटायचं. कोणाला सांगू तेच कळायचं नाही. हे फक्त बाबांनाच कळलं असतं."

तो आधी हसला. मग मान वर करून टांगलेली एकेक छत्री बघत गेला. त्याच्या त्या बघण्यात तिला कितीतरी दिवसांनी खोली भरल्यासारखी वाटली. तो गेल्यावर मात्र ती नेहमीपेक्षा जास्त रिकामी झाली. हा तोटा तिने हिशोबात धरला नव्हता.

मधलीवर उतरताना त्याने हात हलवला नाही. नंदीबैलासारखी मान मात्र इतकी हलवली की मैदान हसलं.

कोपऱ्यावर चहाचं दुकान चालवणारी तिची मावशी खिडकीत येऊन टेकली. "काय गं, अजून ठरत नाही त्याचं? लोकांची लग्नं याहून लवकर ठरतात."

"जिवाचा प्रश्न असतो, मावशी."

"ते दिसतंय. कोणाच्या, तेवढं सांग."

मावशी गेली आणि ती मशीनशी बसून राहिली. आता फक्त धाकटी उरली होती. एक रविवार. मग तो छत्री खांद्याला लावणार, आभार मानणार, आणि निघून जाणार. आभाळ कुठेही सारखंच असतं. ज्याची स्वतःची छत्री आहे त्याला छत्रीवालीच्या दारात दर आठवड्याला काय काम?

तो रविवार आलाच. तो दारातूनच म्हणाला, "ठरलं माझं. धाकटी."

"उडी न मारताच?"

"हो."

"का?"

त्याने खिशातला पाना काढला, उलटसुलट केला, परत ठेवला. "ती लवकर खाली येते."

"तुम्हाला तर घाई नसते."

"नव्हती," तो म्हणाला. "मागच्या वेळी वर तरंगत होतो. पहिल्यांदाच वाटलं... किती वेळ लागतोय. ती खिडकी खाली दिसत होती, आणि मधलीसुद्धा आपली आरामात."

बाहेर विमानाचं इंजिन घरघरायला लागलं. तिने आढ्यावरून थोरली उतरवली आणि टेबलावर पसरली. बोलता बोलता ती घडी घालायला लागली.

"धाकटी मी देणार नाही. आपटाल. तुमची छत्री हीच. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती घेऊन गेला असतात."

लिफ्टवाला हुशार होता, पण हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला दोन मजले जास्त लागले. पोचलं तेव्हा त्याने मान हलवली नाही, हातही नाही. नुसता बघत राहिला, आकडे सोडून माणसाकडे बघावं तसा.

"पण ही फार वेळ लावते," तो हळूच म्हणाला.

"लावू दे." तिने घडीवर शेवटचा हात फिरवला आणि पिशवी त्याच्या खांद्यावर चढवली. "वाट बघायला येते मला. बाबा गेल्यापासून कोणाची बघितली नाही, एवढंच. तू सावकाश ये. मी आहे खाली."

'या'चा 'ये' कधी झाला ते तिला कळलं नाही. त्याला कळलं, तो दारात अडखळला.

त्या संध्याकाळी बाकीचे सगळे सुसाट उतरले, छत्र्या गोळा केल्या, आपापल्या माणसांत निघून गेले. आभाळात एकटी थोरली राहिली, दूर, केशरी, जागची हलत नसल्यासारखी. ती खिडकी सोडून मैदानात येऊन उभी होती. त्याचे दोन्ही हात दोऱ्यांत अडकलेले. म्हणून तिनेच हात वर केला आणि दोघांच्या वाटणीचा हलवला.

चहाचं दुकान आवरत मावशी कपाळावर हात आडवा धरून वर बघत होती. "काय गं हा माणूस. केवढा वेळ लावतोय."

"लावू दे," ती म्हणाली.