लक्ष्मीबाईचा पदर

निजामाच्या राज्याचे अखेरचे दिवस. श्रावणातल्या एका दुपारी औशाची गोदावरी ज्वारीचं गाठोडं घेऊन भडभुंज्याकडे निघाली. पंचमीच्या लाह्या भाजून आणायच्या, एवढंच काम. पण वाटेत तिचे पाय केवळाबाईंच्या दारात थबकले.

केवळाबाई म्हणजे गावच्या गोफाची म्होरकी. पंचमीला देवीच्या सभामंडपात आढ्याला रंगीत पदर बांधायचे, एकेकीनं एकेक धरायचा, आणि गाणी म्हणत एकमेकींच्या आतबाहेर नाचत त्यांची वेणी विणायची. मग उलटा फेर धरून ती सोडवायची. पार रेणापूरहून बाया गाड्या जुंपून हा गोफ बघायला यायच्या. पण ते जुनं झालं.

"मावशी, मला गोफात घ्या," गोदावरी म्हणाली.

केवळाबाई हसल्या. "कचेरीतल्या कारकुनाची बायको तू. चार गिरक्यांत भोवळ येऊन पडशील! अन् गोफ राहिलाय कुठं आता?"

"नवस आहे मावशी."

मागच्या साली अनंतराव, म्हणजे तिचा नवरा, तापानं फणफणला होता. ताप उतरू दे, पंचमीला तुझ्यापुढं गोफ खेळीन, असं ती देवीला बोलली होती. ताप उतरला, गोफ काही झाला नाही. आणि यंदा श्रावण लागला तसा ताप पुन्हा चढला. हकीमसाहेबांनी काढे बदलून पाहिले, शेवटी नुसतं आभाळाकडे बोट केलं.

केवळाबाईंचं हसू मावळलं. "ऐक. पटकीच्या साली आमच्या गोफातली लक्ष्मी विणता विणता खाली पडली. उठलीच न्हाई. हिरवा पदर मनगटाला गच्च आवळलेला. पंचमीला कापायचं-चिरायचं न्हाई, म्हणून पदर कापला न्हाई. हात कसाबसा सोडवला, अन् विणलेला गोफ तसाच उतरवून पेटीत घातला. त्याच्यानंतर नवा गोफ बांधला की निम्म्यावर अडकतो बघ. जसं कुणी दुसऱ्या बाजूनं ओढून राहिलंय."

सोळा सोमवार, हरतालिका, जे जे धरलं ते गोदावरीनं शेवटाला नेलं होतं. ती हळूच म्हणाली, "मावशी, व्रत अर्ध्यावर मोडलं तर ते पेटीत घालत नाहीत. त्याचं उद्यापन करतात. तो जुनाच गोफ बांधा. आपण नुसता उलटा फेर धरू, आणि राहिलेलं सोडवू."

"अन् लक्ष्मीचा पदर?"

"तो मी धरते."

ओसरीवर दाणे निवडत बसलेली गुणाबाई फटकन बोलली, "लई धीराची दिसती ही! आधी पाय तर दाखव."

गोदावरीनं तिथंच गिरकी घेऊन पाय दाखवले. मग रोज घरी तुळशीभोवती उलटा फेर धरू लागली. आतून बाहेर यायच्या वळणावर मात्र पाऊल हटकून चुकायचं. "चुकूदे," बघायला येणाऱ्या केवळाबाई म्हणायच्या, "देवी बघून घेईल." पण त्यांचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

पंचमीच्या दिवशी आभाळ उतरून आलं होतं. रिवाजाप्रमाणे दिवे लागायच्या आधी गोफ सुटायला हवा होता. पेटी उघडली तसा दबलेल्या हळदीचा वास मंडपभर पसरला. सगळे पदर वाळून कडक झाले होते. हिरवा तेवढा ओला होता, नुकता धुऊन पिळल्यासारखा.

गोफ आढ्याला चढला. गोदावरीनं हिरवा पदर धरला. केवळाबाईंनी गाणं उचललं आणि फेर सुरू झाला.

पहिली वळणं सरळ गेली. मग ते वळण आलं. गोदावरीचं पाऊल चुकलं, आणि गोफ अडकला. पदर वर ओढला जाऊ लागला. तिच्या मुठीच्या वर आणखी एक मूठ आवळली गेल्यासारखी वाटली.

"गुणाबाई... माझ्या मागं कोण आहे?"

"कुणी न्हाई..." गुणाबाई कुजबुजली. "सोडू नको... खाली बघू नको..."

गोदावरीनं खाली बघितलं. फरशीवर तिच्या पावलांशेजारी ओली पावलं उमटत होती. पदर टाकून पळावं असं तिला वाटलं. मग डोळ्यांपुढं अंथरुणावर तळमळणारे अनंतराव आले. तिनं डोळे मिटले.

"लक्ष्मीबाई," ती पुटपुटली, "तुमचं राहिलंय, माझंही राहिलंय. चला... दोघी मिळून सोडवू."

मग वरची मूठ सैल झाली, आणि तिला हलकेच पुढं नेऊ लागली. आत, बाहेर, आत. पाऊल आता चुकेना. गाण्यात कुणाचा तरी उंच, गोड आवाज मिसळला, आणि तो गातोय ते कडवं केवळाबाईंनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांचे पाय थांबले नाहीत. कुणाचेच थांबले नाहीत. वेणी भराभर उलगडत गेली, आणि शेवटची गाठ सुटली तसे सगळे पदर फुलासारखे बाजूला उधळले.

"सुटला गं! सुटला!" केवळाबाई रडत होत्या नि हसत होत्या. गुणाबाईनं घंटा बडवली. "कारकुनीणबाई, जिंकलीस बघ!" म्हणत तिनं गोदावरीला फुगडीत ओढलं. बायांनी तिची ओटी भरली, आणि वाजतगाजत तिला घरापर्यंत पोचवलं.

अनंतराव अंथरुणात उठून बसले होते. डोळे निवळलेले. "भूक लागलीय गं," ते म्हणाले. गोदावरीनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. तिला हुंदका आवरेना.

"आणि ती तुझी मैत्रीण कोण?"

"कोण मैत्रीण?"

"तुझ्या जराशी आधी आली. कपाळावर हात ठेवला, आणि अंगातली आगच ओसरली. म्हणाली, आजपासून हेच माझं माहेर. दर पंचमीला येत जाईन." त्यांनी मान वळवली. "आत गेलीय बघ."

माजघरात अजून दिवा लागला नव्हता. अंधारात बांगड्या किणकिणत होत्या. गोदावरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पंचमीला दारी आलेल्या माहेरवाशिणीला उपाशी कोण पाठवतं? तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पुरणाच्या दिंडांचं पातेलं उचललं आणि उंबऱ्यातूनच म्हणाली,

"बसा हं, वाढतेच मी."

किणकिण थांबली. आत कुणीतरी पाट ओढून घेतला.