बाइंडरकाकांचे शेवट

"भूतच आहे! नसलं, तर उद्या सकाळी ऐन गर्दीत चादर पांघरून नळावर पाणी भरीन!" इस्त्रीवाल्याने इस्त्री आपटली. कपड्यांसारखाच बोलण्यातही कडक, म्हणून त्याला सगळे 'कडक'च म्हणत.

"आणि असलं, तर महिनाभर मी कुणाला एकही प्रश्न विचारणार नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, हरच तू!" जमलेले शेजारी एका सुरात ओरडले. मावशीचा धंदाच खाजगी तपासाचा. दूधवालासुद्धा तिच्या तावडीतून जबाब दिल्याशिवाय सुटत नसे.

पैज लागली ती बाइंडरकाकांच्या खोलीवरून. काकांना जाऊन तीन महिने झाले होते. जन्मभर पुस्तकं बांधली आणि जीव लावला तो फक्त भयकथांना. शेजाऱ्यांना वाचायला द्यायचे, पण शेवटचं प्रकरण उसवून, वेगळं शिवून, खणात ठेवायचे. पुस्तकासोबत एक चिठ्ठी द्यायचे, तिच्यावर शिक्का असायचा: 'भीती वाटली ते पान'. वाचणाऱ्याने त्यापुढे आकडा लिहून चिठ्ठी काकांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकायची, मग काका शेवट काढून देणार.

त्या बंद खोलीत आता दुपारची खुर्ची करकरायची. आणि ट्रेमध्ये ताज्या चिठ्ठ्या सापडल्या होत्या.

"बाबांना शांती नाही," काकांचा मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सगळा घोळ त्या पुस्तकांतच आहे. उद्या दुपारी रद्दीवाला येतोय. एक कागद ठेवणार नाही."

"किल्ली कुठे असते?" मावशीने विचारलं.

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. कुणीही घ्यावी."

मावशीने दार लोटलं. कडक तिच्या पदराआडून आत डोकावला. खिडकी सताड उघडी, पडदा बांधून ठेवलेला. टेबलावर एकच पुस्तक. ट्रेमध्ये तीन चिठ्ठ्या: ३१, ५८, ८३. मावशीने खण ओढला, तो उघडाच होता. शेवटांच्या गठ्ठ्यांवर धुळीचा अखंड थर होता.

 कडक काकांच्या खुर्चीत टेकला आणि किंचाळून उभा राहिला.

"चिमटा काढला! गादीतून! टणक बोटं होती!"

मावशीने गादीखाली हात घातला, काहीतरी कमरेला खोचलं आणि म्हणाली, "चल, शिंप्याकडे."

शिंपी म्हणजे काकांचा पट्टशिष्य. "अहो, काय माणूस! म्हणायचे, एकदा भूत दिसलं की संपलं. दार किलकिलं आहे तोवरच खरी भीती. वाचायचे ते भरदुपारी पडदे ओढून, एवढासा दिवा लावून. माझ्याकडे एक पुस्तक तीन महिने अर्धवट पडलंय. झोप नाही हो!"

"मग खोलीत शिरून शेवट का नाही घेतलास?"

"खण उघडा असता तर केव्हाच पळवला असता!"

"उघडाच आहे," मावशी म्हणाली. शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली.

काकू पुढच्या खोलीत बसल्या होत्या. "मी चाळीस वर्षांत त्या खोलीत पाऊल नाही ठेवलं. मेले भुताखेतांचे चाळे!"

मावशीने चिठ्ठी पुढे केली. काकूंनी ती लांब धरली, डोळे बारीक केले. "दिसत नाही गं. चष्मा कुठे ठेवलाय, कालपासून सापडत नाही."

संध्याकाळी सगळे काकूंकडे जमले.

"काका चिठ्ठ्या घेणारे," मावशी म्हणाली. "ते स्वतः कशाला लिहितील? त्यांना सगळे शेवट पाठ. हा वाचणारा नवा आहे. रोज थोडं, पुढेपुढे. ३१, ५८, ८३. अंधाराची धास्ती आहे, म्हणून पडदा बांधलेला."

"शिंपी!" कडक ओरडला.

"शिंप्याने खण रिकामा केला असता. इथे खण उघडा असून धूळ मोडलेली नाही. या माणसाला शेवट चोरायचा नव्हता. काकांच्या हातूनच हवा होता."

तिने कमरेचा चष्मा काढून काकूंपुढे ठेवला. "खुर्चीच्या गादीखालच्या या तुमच्या भुताने कडकला टोचलं, काकू."

 काकूंनी चष्मा पदराने पुसला, पुसतच राहिल्या.

"चाळीस वर्षं म्हणत होते, एकदा वाचून तर बघ. मी हसले. आता वाचते, तर भीती वाटते, आणि सांगायला कुणी नाही. म्हणून चिठ्ठी टाकते. रोज वाटतं, दार उघडलं की ट्रेमध्ये शेवट ठेवलेला असेल."

"आई, मला सांगायचं नाहीस?"

"काय तोंडाने सांगू? जन्मभर नावं ठेवली."

मुलगा उठून आत गेला. खण सरकल्याचा आवाज आला. बराच वेळ कागद चाळत होता. बाहेर आला तेव्हा हात धुळीने माखलेले होते.

"ट्रेमध्ये ठेवलाय," तो म्हणाला. "रद्दीवाल्याला नको म्हणून सांगतो."

काकूंनी चष्मा लावला आणि खोलीत गेल्या. दार त्यांनी पुरतं लावलं नाही.

सकाळी नळावर ही गर्दी. त्या गर्दीत पांढरीशुभ्र, इस्त्री न मोडलेली चादर चालत आली. दोन भोकांतून डोळे, खाली बादली. पोरं किंचाळली. मावशी कठड्याला टेकून चहा पीत होती.

चादर गुपचूप पुढे सरकू लागली, तशी शिंप्याच्या बायकोने कळशी आडवी धरली.

"भूत असशील तुझ्या घरी. मागे जा, रांगेत ये!"