येताय की निघताय?

कुलपाच्या पुस्तिकेतल्या एका वाक्याने कंपनीच्या नाकी नऊ आणले होते. वाक्य तसं साधंच: "घरच्या माणसाने ‘येतो’ म्हटल्यावर दार उघडते." पण आपण आत येतानाही ‘येतो’ म्हणतो आणि निघतानाही ‘येतो’च म्हणतो, ‘जातो’ म्हणायला जीभ रेटत नाही. माणसाचं बोलणं ऐकून उघडणारं ते कुलूप हीच पुस्तिका वाचून शिकलेलं. मग तेही गोंधळून अडून बसायचं. बिचाऱ्याने करावं तरी काय?

वाक्य कंपनीत पुस्तिका लिहिणाऱ्या बाईचं, तेव्हा सरळ करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. एरवी पुस्तिका लिहिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा अपघातात गेल्यापासून तर ती मान वर न करता काम करायची. रडू यायचं नाही. काहीच वाटायचं नाही.

चाचणीचं एक कुलूप तिच्या घरीही होतं, नवऱ्यानेच हौसेने बसवलेलं. आवाज ओळखून ते ज्याला त्याला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारायचं. नवऱ्याने स्वतःला ‘राजे’ म्हणवून घेतलं होतं. "घरात कोणी विचारत नाही, निदान दार तरी मान देईल," म्हणायचा. शेवटचा बाहेर पडला तेव्हाही "येतो गं" म्हणाला होता.

रविवारी दुपारी ती भांडी विसळत होती. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"राजे, समजलं नाही. येताय की निघताय?"

तिने नळ बंद केला. दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीतल्या प्रोग्रामरला विचारलं.

"रस्त्यावरचा आवाज पकडला असेल हो," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "त्यांचा आवाज काढून टाकू का त्यातून?"

"नको. राहू दे."

त्यानंतर दार रोज विचारू लागलं. तेच शब्द, आणि मग उत्तराची वाट पाहिल्यासारखं गप्प. तो बाहेर ताटकळत असेल आणि आपल्याच एका ढिल्या वाक्यापायी दार अडून बसलं असेल, हे तिच्या डोक्यातून जाईना. कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी हवंसं वाटलं. तो हवा होता.

तिने लिहिलं: "‘येतो’ बाहेरून ऐकू आल्यास माणूस आत येत आहे; दार उघडावे. आतून ऐकू आल्यास माणूस बाहेर जात आहे, दार उघडावे." पहिलं वाक्य त्याच्यासाठी. दुसरं आपलं नियमाला धरून.

नवी पुस्तिका घरच्या कुलपात भरून ती दारासमोर खुर्ची घेऊन बसली. 

"समजलं, राजे," दार म्हणालं.

कडी सरकली. दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

"सावकाश जा," दार म्हणालं, आणि पुन्हा लागलं.

आतून सासूबाईंची हाक आली. "निघाला का गं तो?"

ती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. 

"रोज दारापर्यंत जायचा," सासूबाई म्हणाल्या. "उघडत नाही म्हणून परत येऊन माझ्या पायाशी बसायचा. आज कुणी गं उघडलं?"