सहाव्याची चाहूल

भाड्याने गाडी देणारा माणूस गाडीभोवती फिरून एकेका ओरखड्याचा फोटो काढत होता, आणि गुनवोर मागोमाग चालत त्याच्या नजरेतून सुटलेले ओरखडे त्याला दाखवत होती. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. गाडीच्या बाबतीत तिला गुंडाळणं सोपं नव्हतं.

"पाचच जण जाणार ना? मग सात सीटची कशाला?" त्याने कागद भरता भरता विचारलं.

"पाच माणसं आणि माझ्या बहिणीच्या बॅगा," गुनवोर म्हणाली.

"हसू नकोस ताई," बोरघिल मागून ओरडली. "उत्तरेला जुलैतसुद्धा वारा सोलून काढतो. मग कुडकुडत माझाच स्वेटर मागशील."

बोरघिलचा नवरा ओडवार आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. शेजारचे मारित आणि स्टाइनार मधल्या सीटवरून भांडत होते. दुसरा ड्रायव्हर म्हणून स्टाइनारने आपलं नाव लिहून दिलं आणि त्या कागदाकडे अभिमानाने दोनदा पाहिलं. मागच्या ओळीत दोन सीट उरल्या. एकीवर बॅगा चढल्या, दुसरी रिकामी राहिली.

"चला ड्रायव्हरीणबाई," ओडवारने हाक दिली, "शाळा सुटायच्या आत निघू या!"

सहल ठरली होती ती खरं तर गुनवोरसाठीच. बारा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तिचा नवरा तोरलेइफ होडी घेऊन डोंगरांत शिरलेल्या फियोर्डच्या खाडीपलीकडे गेला आणि परत आला नाही. होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून गुनवोर गल्ली सोडून कुठे राहायला गेली नव्हती. आता या चौघांनी तिला जवळजवळ उचलूनच नेलं होतं: ट्रॉनहाइमपासून किनाऱ्याकिनाऱ्याने वर, फेरीबोटींवरून फियोर्ड ओलांडत, उत्तरेच्या बेटांपर्यंत. तिकडच्या समुद्राचा ओढा उत्तरेकडे असतो, बुडालेलं सगळं हळूहळू वर सरकत जातं, असं त्यांच्या गावचे कोळी म्हणतात. गाडीत हा विषय कोणी काढला नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ते एका खाडीकाठच्या घरगुती खाणावळीत उतरले. संध्याकाळ म्हणायची ती घड्याळाकडे बघून, कारण उत्तरेच्या उन्हाळ्यात ऊन मावळायलाच तयार नव्हतं. खडकांवर वाळणाऱ्या शेवाळाचा खारट, जरासा कुजका वास येत होता. मालकीण इंगेबोर्ग दारातच उभी होती आणि कॉफी तयार होती.

"अर्ध्या तासापूर्वी आलात तुम्ही," ती म्हणाली. "गाडी थांबली, दारं वाजली, जिन्यावर पावलं वाजली. बाहेर येऊन बघते तर कोणी नाही. म्हटलं चाहूल आहे, आता येतीलच. आणि कॉफी ठेवली."

यात कोणाला नवल वाटलं नाही. काही माणसांची चाहूल त्यांच्या आधी पोचते, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक असतं. दार वाजतं, बूट झटकले जातात, खुर्ची सरकते, आणि घरातली बाई न बघताच कॉफीचं आधण ठेवते. थोड्या वेळाने माणूस खरोखरच दारात येतो. त्यात भिण्यासारखं काय?

"पण कप सहा का?" मारितने विचारलं.

"सहा जण ऐकले ना मी." इंगेबोर्गने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं. "सगळ्यांच्या मागून एक जण होता. पायरीवर दोनदा बूट आपटले त्याने. बर्फ झटकतात ना, तसे. मला हसूच आलं. जुलैत कुठला बर्फ!"

सगळे हसले. ओडवार म्हणाला की सहावा म्हणजे बोरघिलच्या बॅगा. गुनवोरही हसली, पण तिने दोन्ही हात कपाभोवती घट्ट लपेटून घेतले.

तोरलेइफ तसे बूट आपटायचा. दोनदा, उजवा आधी. तीस वर्षं त्याची चाहूल त्याच्या दहा मिनिटं आधी घरी यायची.

दुसऱ्या दिवशी गाडीतली घंटी वाजायला लागली. मागच्या सीटचा पट्टा लावलेला नाही म्हणून. ओडवारने बॅगा हलवून पाहिल्या, मग काढून मधे ठेवल्या. घंटी चालूच. पडद्यावर जी सीट दाखवत होती ती बॅगांची नव्हतीच. ती रिकामी होती.

"नवीन गाड्यांचे चोचले," तो करवादला आणि रिकाम्या सीटचा पट्टा खटकन लावून आला. घंटी थांबली.

त्या रात्रीच्या मुक्कामाचा मालक एक म्हातारा होता, कमी बोलणारा. त्याने सहा ताटल्या मांडल्या होत्या. सहावा चुलीजवळच्या खुर्चीत बसला, एवढंच त्याने सांगितलं आणि उकडलेला मासा वाढला. या वेळी हसला तो फक्त ओडवार, आणि तोही थोडासाच.

आता सांगायला हवं की गुनवोरला भीती वाटत होती, पण नुसती भीती नाही. ती गाडी थांबवायची, सगळे उतरायचे, आणि मागचं सरकतं दार ती लगेच लावायची नाही. चार-पाच श्वास थांबायची. मग हळूच लावायची.

"काय राहिलंय का आत?" मारितने एकदा विचारलंच.

"नाही गं. हवा खेळू दे जरा."

आरशात मागची सीट दिसायची, छातीवरून आडवा पट्टा लावलेली, रिकामी. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला आपण एकटीने गाडी चालवत नाही असं वाटत होतं. त्या सुखाची तिला लाजही वाटत होती, कारण त्या सुखावर तिचा हक्क नव्हता. का नव्हता, ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ते वाटेतल्या शेवटच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचले. समोर अर्ध्या तासावर बेट होतं आणि बेटावर योरुन नावाच्या बाईचं घर, तीन रात्रींसाठी घेतलेलं. बोट यायला वेळ होता. गाड्यांची रांग लागली होती. टपरीवर वॅफल मिळत होते आणि चौघं तिथे उभे राहून तपकिरी चीज कोणी जास्त घेतलं यावरून वाद घालत होते. डिझेलचा आणि लोण्याचा वास एकत्र येत होता. तेवढ्यात गुनवोरचा फोन वाजला.

"आलात ना? बरं झालं," योरुन म्हणाली. "मी मागे मासळीच्या शेडमध्ये आहे, हात घाण आहेत. किल्ल्या टेबलावर आहेत बघा."

"आम्ही अजून अलीकडच्या धक्क्यावरच आहोत..."

 योरुन मोकळेपणी हसली. "अस्सं, चाहूल होती तर! मग आधण ठेवते."

"किती जण ऐकलेत तुम्ही?"

"पाच. पाचच आहात ना तुम्ही? शेवटच्याने पायरीवर बूट आपटले बघा, दोनदा."

गुनवोरने फोन खाली घेतला. हिशेब साधा होता, तो तिला करावा लागला नाही, आपोआप झाला. पाचांत एक तो. म्हणजे त्यांच्यातले चौघंच. त्यांच्यातलं एक माणूस त्या घरी पोचणार नव्हतं.

तिने टपरीकडे पाहिलं. ओडवारच्या हृदयात दोन स्टेंट होते. स्टाइनार उद्यापासून मीच चालवणार म्हणून हट्ट धरून बसला होता. मारितला पोहता येत नव्हतं. आणि बोरघिल, ओठाच्या कोपऱ्याला जॅम लागलेली, हात हलवून तिला बोलावत होती. गुनवोरला रडू फुटलं.

बोरघिल धावत आली. "ताई, काय झालं? कोणाचा फोन?"

"तुम्ही पुढे जा. मी इथेच राहते आज."

"वेडी आहेस का? का?"

गुनवोरने सांगितलं. आधी योरुनचा फोन. मग बारा वर्षं न सांगितलेलं.

"त्या दिवशी मी झोपले नव्हते, बोरघिल. तुम्हाला सगळ्यांना तसं सांगितलं, पण जागी होते. चार वाजता त्याचे बूट ऐकले मी. पायरीवर, दोनदा. कडी वाजली. मी कॉफी ठेवली. बाहेर वादळ होतं आणि मी निवांत बसले, कारण तो आलाच होता ना... कॉफी गार झाली, मी परत गरम केली. तीनदा गरम केली. साडेसहाला बचाव पथकाला फोन केला."

बोरघिलने ओठाचा जॅम मनगटाने पुसला. तोरलेइफने तिला सायकल शिकवली होती.

"अडीच तास," ती म्हणाली.

"हो."

"आणि पाण्यात माणूस किती..." तिने वाक्य सोडून दिलं. मग बहिणीचा दंड इतका घट्ट धरला की तो दुखला. "मग कोणीच जायचं नाही. गाडी वळव. आपण घरी जाऊ."

"घरी जाताना रस्ता नाही? घाट नाहीत? चाहूल लागून गेलीये. चौघं आणि तो, असे पाच ऐकलेत तिने. मी इथे राहिले की तिचा आकडा बरोबर जमतो. कोणाला काही व्हायला नको. मला फक्त या धक्क्यावर बसून राहायचंय."

"आणि बसून राहणं तुला जमतं, नाही का!"

हे बोरघिलच्या तोंडून निघून गेलं आणि दोघींनीही ते ऐकलं. बोट धक्क्याला लागली होती. ओडवार हॉर्न वाजवत होता. बोरघिलने बहिणीच्या गालाला गाल लावला, ओला गाल, आणि पळत गाडीत जाऊन बसली. तिने बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे. स्टाइनारने गाडी बोटीवर चढवली. गुनवोर उभी राहून बघत होती. मागच्या काचेतून ती सीट दिसली, आणि पट्टा सुटलेला होता.

ती प्रतीक्षागृहात जाऊन बसली. लाकडी बाक, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, काचेवर आपटणारी एक माशी. टपरीवाला दुकान बंद करून निघून गेला. ऊन तसंच लख्ख होतं, आणि त्या उजेडात कुठेही लपायला जागा नव्हती. पन्नास मिनिटांनी फोन आला.

"पोचलो," बोरघिल म्हणाली. "चौघंही. ओडवारने जेवायलाही सुरुवात केलीये. ताई... मघाशी मी बोलले ते..."

"खरं होतं ते."

"खरं असलं म्हणून काय बोलायचं असतं? आता ऐक. सगळं नीट आहे. सातची बोट निघेल तिकडून. गाडी नको, चालत चढ. मी धक्क्यावर येते."

"तो... आला का?"

"कोणी आलं नाही," बोरघिल हळू आवाजात म्हणाली. "योरुन म्हणते, एकाचं आधण वाया गेलं."

गुनवोरने फोन ठेवला. चौघं पोचले होते. याचा तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने 'देवा' म्हणाली. आता जे बाकी होतं ते तिच्यापुरतं होतं. त्या पाचांत ती नव्हती, म्हणजे त्या घरी न पोचणारं माणूस तीच. बोटीत चढायचं नाही, सकाळी बसने उलट घरी जायचं, असं तिने ठरवलं. चाहूल लागलेला माणूस अजून यायचा होता, पण ते बारा वर्षांपूर्वीही तसंच होतं.

सातची बोट आली. बोटीवर चढायची फळी खाली आली. एकही गाडी नव्हती. पिवळं जाकीट घातलेला खलाशी फळीच्या तोंडाशी उभा होता, चढणारी माणसं मोजायचं यंत्र त्याच्या मुठीत होतं. गुनवोर बोटीला निरोप देण्यापुरतीच प्रतीक्षागृहाच्या दारापर्यंत आली.

"येताय ना?" त्याने विचारलं. "शेवटची आहे ही."

"नाही," ती म्हणणार होती. पण खलाशाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यामागे जरा वर पाहिलं, उंच माणसाच्या तोंडाकडे बघतात तसं, आणि ओळखीच्या नसलेल्या माणसाला करतात तशी मान हलवली. अंगठ्याने यंत्र दाबलं. टिक. टिक.

मागून श्वास ऐकू आला नाही, पाऊल वाजलं नाही. फक्त दारातून थंडी आली, जुलैची नव्हे अशी.

मागे वळून बघायचं धैर्य तिला झालं नाही. पण एवढं तिला कळलं की तो या बोटीने जाणार. ती नाही गेली तर एकटा जाणार, त्या घरच्या पायरीवर बूट आपटणार, आणि ती पुन्हा एकदा कुठेतरी उबेत बसून राहिलेली असणार.

"किती वेळ लागतो पलीकडे जायला?" तिने विचारलं. 

"अर्धा तास, समुद्र असाच राहिला तर," खलाशी म्हणाला. "सांभाळून चढा दोघं. फळी निसरडी झालीये... हा बर्फ कुठून आला?"

गुनवोर चढली. कठड्याशी गेल्यावर तिने डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडली, आणि मागे धक्का हळूहळू लांब जायला लागला.