मानेवरची पट्टी

त्या दिवशी बारामतीत पाऊस रपरपत हुता. आमचा अविराज चिखलाच्या बुटासकट आयसीयूत घुसला, आन् ट्रे घिऊन येणाऱ्या रोहिणी सिस्टरला धडकला. सगळा कापूस भुईला.

"बूट बाहेर," ती म्हणली.

"बाप आत हाय माझा."

"आबा आत असू द्या. बूट बाहेर."

मी, आबा, खाटंवरनं बघत हुतो. रक्तात जंतू पसरल्यालं, बोलाय ताकद न्हवती. माझ्या मानेवर तिनं बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली हुती. मेंदूकडं रगत किती चाललंय, ते ती पट्टी सारखी मशीनवर दाखवायची. रेघ पळत ऱ्हायची नुसती.

"बीपीचं मशीन हाय की," अविराज म्हणला. "मग ही कशाला?"

"बीपी म्हणजे नुसता दाब. दाब असला म्हणून रक्त पोचतंच असं नाही."

पोरगं लासुर्ण्यात लोकांच्या शेतात ठिबकच्या नळ्या जोडतंय. "व्हय... मोटरीपाशी काटा बरोबर, आन् शेवटच्या सरीत पाण्याचा ठणठणाट."

तिनं तवा कुठं त्याच्याकडं नीट बघितलं. "आमच्या नव्या पोरींना हे समजायला आठवडा लागला."

"शिकवणारी चांगली असंल तर... न्हाय, म्हंजी, मशीन चांगलं हाय."

"मशीनच ना?"

कान लाल झालं गड्याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघच तुटली. रोहिणी पळत आली. बघती तर पट्टीची कड उचकटल्याली, आत पिवळंधमक. आमच्या मंडळीनं, प्रयागबाईनं, जेजुरीचा भंडारा तेलात कालवून पट्टीखाली लावल्याला. जितं दुखणं तितं देव लागाय पायजे, अशी तिची समजूत.

"कुणी केलं हे?"

प्रयागबाईचं तोंड उतरलं. अविराज फुडं झाला. "मी."

"आबांच्या मेंदूकडे जाणारं रक्त कमी झालं असतं तर कळलं असतं का आम्हाला? मशीन समजतं म्हणं तुम्हाला."

गडी खाली मान घालून ऐकत ऱ्हायला. तिनं मान पुसून नवी पट्टी लावली. आन् दुपारी रेघ खरंच उतरली. बीपी चांगलं, मी टक्क जागा, पर पट्टी सांगतीय रगत कमी. रोहिणीनं डॉक्टरला बोलावलं, औषध बदललं. संध्याकाळी रेघ वर. म्या मनात हात जोडलं, त्या पोरीला बी आन् त्या पट्टीला बी.

अविराजनं तिच्यासाठी चहा आणला.

"चहानं माफी मिळत नाही."

"नगं मिळू दे. सकाळपासनं उभ्या हाय तुमी... घ्या."

चौथ्या दिवशी माझा आवाज फुटला. पयलं तेच बोललो. "सिस्टर, भंडारा ह्याच्या आयनं लावला."

ती अविराजकडं बघतच ऱ्हायली. "मग बोलणी का खाल्ली?"

"आय घाबरली हुती. आन् तुमचं बोलणं... आयकाय बरं वाटत हुतं."

तिनं वठातलं हसू दाबलं. म्या आपलं डोळं मिटून घेतलं. पोरांना लाज नगं.

"रविवारी मी इंदापूरला घरी असते," ती हळूच म्हणली. "आईंना घेऊन या. माझ्या वडलांना, तात्यांना, सांगून ठेवते."

"काय सांगनार?"

"की पोरगा खोटं बोलतो... पण आईसाठी."

मग पट्टी तपासायला ती माझ्यावर वाकली. "आन् आबा, झोपेचं सोंग बास झालं. रेघ बघा कशी उड्या मारतीय."