दोन तासांचं माहेर

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे घडलंय. अलका तिखटमीठ लावून बोलणाऱ्यातली नाही. आणि हे ती अजूनही फक्त दिवसाउजेडीच सांगते.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीची नाही, भर दुपारची. गाझियाबादजवळचं हिंडन विमानतळ.

अलका दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. माहेर नांदेडचं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण माहेरी जाणं मोजकंच. बॅग भरली की सासूबाई गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळत म्हणायच्या, "लांब आहे गं. गाडीत अख्खा दिवस, अख्खी रात्र. कशाला?"

आई गेली तेव्हाही तेच. अलका पोचली, तोवर सगळं उरकलं होतं.

आता सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि नांदेडला तिचे वडील, दादा, अंथरुणाला खिळले होते.

"हिंडनहून थेट विमान आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन तास फक्त."

"अगं, पण परवा आईचं वर्षश्राद्ध..." श्रीरंग चाचरला.

"मी चालले."

विमान छोटंसं. शेजारची सीट रिकामी.

खाली नदी दिसली. वीटभट्ट्यांची धुराडी. एका गच्चीवर वाळत घातलेली लाल रजई. अलकाने डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने उघडले. खाली...

तीच नदी. तीच धुराडी. तीच लाल रजई.

घड्याळात तास उलटून गेला होता.

मग तिच्या लक्षात आलं... इंजिनाचा आवाजच येत नव्हता. मागच्या रांगेत रडणारं बाळही गप्प.

एकच आवाज होता. बांगड्यांचा.

शेजारच्या सीटवरून.

निलगिरीच्या तेलाचा वास आला... आणि अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"लांब आहे गं."

इतकी वर्षं हे ऐकून अलकाने मान खाली घातली होती. भरलेली बॅग रिकामी केली होती.

या वेळी नाही.

ती रिकाम्या सीटकडे वळली.

"लांब नव्हतंच कधी. तुम्ही लांब केलंत. माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाहीत. दादांचं मी बघणार. विमान इथंच लटकू दे, मी मागे फिरणार नाही."

बांगड्या थांबल्या.

एकदम इंजिनाचा आवाज कानात घुसला. बाळाने भोकाड पसरलं. खाली गोदावरी चमकत होती.

विमान वेळेवर उतरलं.

दादा जागे होते. "आलीस!" म्हणत त्यांनी तिचा हात धरला. मग तिच्या मागे पाहिलं.

"अगं, विहीणबाई दारात का उभ्या? आत बोलाव ना."

त्या गेल्याचं दादांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अलकाने वळून पाहिलं. दार मोकळं होतं. वास मात्र...

"राहू देत उभ्या," ती मोठ्याने म्हणाली, आणि दादांच्या उशाशी बसली.

श्राद्धाच्या दिवशी श्रीरंगचा फोन आला. आवाज घाबरा.

"अलका, केव्हाचं पान ठेवलंय गच्चीत. कावळा शिवतच नाहीये, यार. सगळं आईच्या आवडीचं केलंय, तरी..."

अलकाने दाराकडे पाहिलं.

"कसा शिवेल?" ती म्हणाली. "त्या इथं आहेत."

दादा गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता.

सासूबाई मात्र गेल्या की नाहीत, ते तिला आजही ठाऊक नाही. पण नांदेडचं तिकीट ती आता कुणाला विचारून काढत नाही.